मजुराची मोटार : डेट्रॉइटहून कुर्ल्यापर्यंत

वाचकांच्या जिज्ञासेतून



या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत भिलाईची पत्रे आम्ही जरा बाजूला काढून ठेवतो. त्या पोलादनगरीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. नागपूर तेथून आगगाडीने काही तासांच्या वाटेवर. आणि भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत झाला, त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्या राज्याची राजधानीही नागपूरच होती. तेथील घरांत यंत्रांविषयी बोलणे जेवणाच्या पानावरही चालत असावे, असे त्या पत्रांवरून वाटते. या वेळी आलेल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. अमेरिकेत फोर्डने मजुरालाही घेता येईल अशी मोटार काढली, तशी आपल्याकडे पहिली मोटार कोणती? आणि तिच्यात आमच्या भिलाईचे पोलाद होते काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देऊन टाकू. मोटारीचे अंग ज्या पातळ, गुळगुळीत पत्र्याचे बनते तो पत्रा भिलाईत लाटला जात नव्हता. भिलाईची ख्याती रुळांची, तुळयांची आणि तारेच्या कांबींची. आज २६० मीटर लांबीचा जोडलेला रूळ तेथून बाहेर पडतो. पत्र्याचे काम रूरकेल्याकडे होते. गंमत अशी, की राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी रूरकेल्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ३ फेब्रुवारी १९५९ रोजी केले आणि लगोलग दुसऱ्या दिवशी, ४ फेब्रुवारीला, भिलाईच्या भट्टीचे. दोन बहिणींची लग्ने एकाच मांडवात उरकावीत तसा हा प्रकार. एकीच्या वाट्याला आगगाडी आली, दुसरीच्या वाट्याला पत्रा.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र थोडे लांब जावे लागेल.

हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी विक्रीस आली. किंमत सुमारे ८५० डॉलर. त्या काळच्या अन्य मोटारींच्या मानाने ही किंमत बेताची होती, परंतु मजुराच्या आवाक्यातील खचित नव्हती. गाडी दिसायला ओबडधोबड, चाके उंच, इंजिन वीस अश्वशक्तीचे. वेग वाढवण्यासाठी पायाशी पट्टी नव्हती; सुकाणूच्या चक्राखालची एक दांडी हाताने ओढावी लागे. पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल आपल्याच भाराने इंजिनाकडे उतरत असे. त्यामुळे चढ फार उभा असला आणि टाकीत पेट्रोल थोडे असले, की ते इंजिनापर्यंत पोचत नसे. मग चालक गाडी वळवून पाठमोरी चढावर नेत. शेतकऱ्यांनी तर तिचे मागचे चाक वर उचलून त्यावर पट्टा चढवला आणि पाण्याचा पंप चालवला, लाकडे कापली. व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरल्याने तिचे भाग हलके असून चिवट होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती मोडून पडत नसे, आणि पडलीच तर गावचा लोहारही तिची दुरुस्ती करू शके.

पण ती स्वस्त कशी झाली, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर गाडीत सापडत नाही, कारखान्यात सापडते.

इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो नावाचे एक यंत्र असे. एक कुशल कारागीर ते आरंभापासून अखेरपर्यंत एकटा जुळवी, तेव्हा त्याला सुमारे वीस मिनिटे लागत. १९१३ साली या कामाचे एकोणतीस लहान तुकडे करण्यात आले आणि प्रत्येक माणसाकडे एकेक तुकडा सोपवण्यात आला. वेळ तेरा मिनिटे दहा सेकंदांवर आला. पुढच्या वर्षी कामाची पातळी आठ इंचांनी वर उचलली, म्हणजे माणसाला वाकावे लागेना. वेळ सात मिनिटांवर आला. पुढे आणखी फेरफार करून पाच मिनिटांवर. ओट्याची उंची बरोबर नसली तर कंबर किती धरते आणि स्वयंपाकाला किती वेळ लागतो, हे आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नकोच. डेट्रॉइटच्या अभियंत्यांनी ते घड्याळ लावून मोजले, इतकेच.

मग हीच रीत साऱ्या गाडीला लावण्यात आली. प्रथम नुसत्या दोराने सांगाडा कारखान्यातून ओढत नेला आणि सहा माणसे त्याच्याबरोबर चालत सुटे भाग बसवीत गेली. त्यानंतर माणसे जागीच उभी राहिली आणि सांगाडा साखळीवरून त्यांच्यापुढे सरकू लागला. पूर्वी एका सांगाड्याच्या जुळणीला साडेबारा तास लागत. १९१४ साली ते काम त्र्याण्णव मिनिटांत होऊ लागले. या सरकत्या रांगेला मराठीत काय म्हणावे यावर आमच्या कार्यालयात पूर्वीपासून वाद आहे. ‘जुळणीपंक्ती’ हा शब्द आम्हांस जेवणाच्या पंक्तीची आठवण करून देतो, म्हणून आम्ही ‘जुळणीची रांग’ म्हणतो. पंक्तीत वाढपी फिरतो आणि जेवणारे बसून राहतात. येथे पानच फिरते, असे म्हणून एक सहकारी जुन्या शब्दाची बाजू अजून लढवतात.

गाडीची किंमत उतरत गेली. १९१४ च्या सुमारास साधी दोन आसनी गाडी ४४० डॉलरला आणि १९२५ साली तर २६० डॉलरला मिळू लागली. मे १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर दीड कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे काय झाले, हे मात्र या आकड्यांत दिसत नाही. दिवसभर एकच मळसूत्र आवळायचे, या कामाला लोक कंटाळले. १९१३ साली माणसे इतक्या वेगाने काम सोडून जात होती, की जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षाकाठी कामगारांच्या संख्येच्या साडेतीन पटींहून अधिक नवे लोक घ्यावे लागले. त्यावर फोर्ड यांनी ५ जानेवारी १९१४ रोजी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. तोपर्यंतचा रोज नऊ तासांना सुमारे अडीच डॉलरच्या आत होता. नव्या दराने सुमारे साडेतीन महिन्यांच्या मजुरीत मजूर आपण बनवलेली गाडी विकत घेऊ शकत होता. हे खरोखरीच नवे होते. पण पाच डॉलर सर्वांना सरसकट नव्हते. कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जात. घर स्वच्छ आहे काय, नवरा पितो काय, शिल्लक टाकतो काय, हे पाहत आणि त्यावर त्याची पात्रता ठरवीत. स्त्री-कामगारांना प्रथम या दरातून वगळलेले होते. कामगार संघटनेला तर फोर्ड यांनी १९४१ पर्यंत मान्यताच दिली नाही. चांगल्या पगारासाठी साहेबाच्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात डोकावू द्यावे काय, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या घरी चर्चेला घ्यावा. आमच्या घरी तो घेतला तेव्हा मते सारखी विभागली गेली.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईत मोटारी दिसू लागल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्यांतील एक जमशेटजी टाटा यांची होती, असे सांगतात. फोर्डच्या गाड्या आपल्याकडे अमेरिकेतून थेट न येता कॅनडातील फोर्ड कंपनीमार्फत येत, कारण ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठ त्या कंपनीच्या वाट्याची होती. पुढे पेट्यांतून सुटे भाग आणून ते येथे जुळवण्यास प्रारंभ झाला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि फोर्डनेही मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे आपली व्यवस्था उभी केली. पेटी उघडायची, सांगाडा जोडायचा, रंग द्यायचा. मराठी कामगारांच्या हातांना मोटार ठाऊक झाली ती अशी. परंतु त्या मोटारीतला एक स्क्रूसुद्धा आपला नव्हता.

हे ज्यांना सलत होते त्यांत दोन नावे मुख्य. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १९३५ साली ते युरोप-अमेरिकेत हिंडून मोटार कारखाने पाहून आले आणि भारतातील कारखान्याची योजना त्यांनी आखली. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. ज्यांनी १९१९ साली ‘लॉयल्टी’ जहाज इंग्लंडकडे धाडून परदेशी बोटकंपन्यांशी वैर पत्करले, तेच हे वालचंद. १९३९ साली ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. क्रायस्लर कंपनीशी जमली. परंतु युद्ध सुरू झाले होते, आणि सरकारने या उद्योगाला ना ऑर्डरींची हमी दिली, ना यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन. परतीच्या प्रवासात वालचंदांची गाठ विमाने बनवणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाशी पडली आणि त्यातून १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभा राहिला. मोटारीचा मात्र रखडला! अखेरीस १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली वाहने बाहेर पडली. ती क्रायस्लरची मोठी अमेरिकन वाहने होती, तीही बहुतांशी बाहेरून आलेल्या भागांची.

वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी ते निवर्तले. ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की जे कारखाने टप्प्याटप्प्याने गाडीचे सारे भाग येथेच बनवतील त्यांनाच यापुढे स्थान राहील. नुसत्या पेट्या उघडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना राहिला. आमच्या मते हा निर्णय योग्य होता. त्याची किंमत कोणी मोजली हे पुढे येईलच.

कुर्ल्याला आता लहान गाडी हवी होती, आणि ती इटलीतून आली. तूरिन येथील फियाट कंपनीने अमेरिकन पद्धती पाहून आपला लिंगोत्तो येथील कारखाना उभारला होता. तेथे सुटे भाग तळमजल्यावर आत येत, गाडी मजल्यामजल्याने वर चढत जाई आणि तयार झाल्यावर थेट गच्चीवरील धावपट्टीवर फिरवून पाहिली जाई. म्हणजे डेट्रॉइटची विद्या तूरिनमार्गे कुर्ल्यास आली असे म्हणता येईल. भिलाईकरांसाठी येथे एक उपकथा सांगावीशी वाटते. सोव्हिएत रशियानेही १९२९ साली फोर्डशीच करार करून गॉर्की येथील मोटार कारखाना उभारला, आणि १९६६ साली फियाटशी करार करून व्होल्गाकाठच्या तोल्यात्ती गावी दुसरा. भिलाई उभारण्यास ज्यांचे अभियंते आले त्यांचे आणि कुर्लेकरांचे मोटारविद्येतील गुरू एकच निघाले.

फियाट ५०० या चिमुकल्या गाडीची थोडी जुळणी कुर्ल्यास झाली. पण जिला आपण सारे फियाट म्हणून ओळखतो ती गाडी म्हणजे १९५४ पासून निघालेली ‘अकराशे’. इटलीत ती आदल्याच वर्षी बाजारात आली होती. इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरची दांडी सुकाणूच्या चक्राशेजारी, त्यामुळे पुढचे आसन सलग, आणि त्यावर आई, वडील व मधे एक मूल असे तिघे जण बिनतक्रार मावत. १९६४ साली तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले. फियाटचा परवाना संपल्यावर ती काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि नंतर चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’. इटलीने आपली अकराशे १९६९ साली बंद केली. कुर्ल्याने पद्मिनीचे उत्पादन शतक संपेपर्यंत चालू ठेवले.

आता भिलाईच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले पाहिजे. ही मजुराची मोटार होती काय? नव्हती. ती डॉक्टरांची, वकिलांची, सिनेनटांची, कंपनीच्या व्यवस्थापकांची होती. कुर्ल्याच्या रांगेत उभा राहणारा कामगार शेजारच्या चाळीतून पायी किंवा लोकलने येई, आणि साडेतीन महिन्यांच्या पगारात गाडी घेणे त्याच्या स्वप्नातही नव्हते. त्याच्या पगारासाठी संघटना झगडल्या, डॉ. दत्ता सामंत यांच्या संघटनेचे त्या कारखान्यात मोठे बळ होते. हा झगडा रोजच्या खर्चासाठी होता. मोटार त्या हिशेबात कोठेच नव्हती.

असे का झाले, याचे एक कारण संख्येत आहे. फोर्ड यांचे गणित लाखांवर उभे होते: गाडी स्वस्त केली की गिऱ्हाईक वाढते, गिऱ्हाईक वाढले की गाडी आणखी स्वस्त होते. आपल्याकडे पोलाद, परकीय चलन, यंत्रसामग्री सारेच अपुरे. ते आधी रेल्वेला, ट्रकांना, धरणांना द्यावे की साहेबांच्या मोटारींना, असा प्रश्न होता, आणि सरकारने जे उत्तर दिले ते भिलाईचे रूळ पाहिले की समजते. मोटारींचे उत्पादन परवान्याने बांधलेले होते. १९७० च्या सुमारास साऱ्या भारतात वर्षभरात जितक्या मोटारी बनत, तितक्या फोर्डचे कारखाने १९२५ साली साधारण चार-पाच दिवसांत बाहेर काढीत. मग ज्याच्यापाशी पैसे होते तोही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमती कायद्याने बांधल्या तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. स्वस्त मोटारीसाठी समित्याही नेमल्या गेल्या, ल. क. झा यांच्या समितीने १९६० मध्येच तशी शिफारस केली होती. शिफारशी फाइलींत राहिल्या. घरात मुलांची उंची वाढावी आणि कपडे तेच राहावेत तशी त्या काळातील मोटार होती. पाहणाऱ्याला चीड यावी, पण शिंप्याकडे कापडच नव्हते, हेही खरे.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या या गृहस्थांनी १९४९ पासून ‘मीरा’ नावाची लहान मोटार स्वतः घडवली आणि पुढे दोन-अडीच दशके तिची एकामागून एक सुधारलेली रूपे काढली. ती कारखान्यातून कधीच निघाली नाही. सामान्य कुटुंबाची मोटार कशी असावी, याचा विचार एका माणसाने आपल्या गावी बसून इतकी वर्षे केला, ही गोष्ट कुर्ल्याच्या कारखान्याइतकीच या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

आणि तरीही सामान्य माणूस कुर्ल्याच्या गाडीत बसला, हेही सांगितले पाहिजे. त्याने ती विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पुढे बहुतेक साऱ्या फियाट आणि पद्मिनी झाल्या. लहान बांध्यामुळे ती गल्लीत वळे, टपावरील जाळीत ट्रंका आणि वळकट्या मावत, आणि दुरुस्ती कोठल्याही नाक्यावर होई. बाळंतिणीला रुग्णालयातून घरी आणायचे असो, गावाहून आलेल्या म्हाताऱ्यांना दादरहून गिरगावला न्यायचे असो, नवरानवरीची वरात असो, चाळीतले कुटुंब त्या दिवसापुरते मोटारीचे मालक होई. मीटरकडे मात्र कर्त्या पुरुषाची नजर खिळलेली असे. दुसरीकडे, हप्ता फेडत फेडत गाडीचा मालक झालेला टॅक्सीवालाही होताच. फोर्डच्या मजुराने गाडी हौसेसाठी आणि सोयीसाठी घेतली. आमच्या टॅक्सीवाल्याने पोटासाठी घेतली. भारतात मजुराची अशी मोटार कोणती, असे कोणी हट्टाने विचारलेच तर आम्ही याच गाडीकडे बोट दाखवू.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. घरोघरी प्रथम स्कूटर आली. पुण्याजवळ आकुर्डीस बनणाऱ्या त्या गाडीसाठीही वर्षानुवर्षांची प्रतीक्षा होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिल्लीत सुपूर्द झाली, किंमत सुमारे ४७,५०० रुपये, आणि नोकरदार कुटुंबाला प्रथमच मोटारीचा हिशेब मांडता येऊ लागला. २००८ साली टाटांनी लाख रुपयांची नॅनो दाखवली. पुण्याच्या गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली ती आकारास आली होती. फोर्डनंतर इतक्या नेटाने कोणी किमतीकडून मोटारीकडे आले असेल असे वाटत नाही. पण सर्वांत स्वस्त म्हणून गाजवलेली गाडी दारात उभी करण्यास लोक संकोचले, आणि २०१८ साली ती थांबली. यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

पद्मिनीचे काय झाले, ते सांगून थांबतो. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवलेले आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आता इमारती उभ्या आहेत, आणि तेथील एका रस्त्याला लोक अजून ‘प्रीमियर रोड’ म्हणतात. निदान एक पद्मिनी टॅक्सी तरी जतन करून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती.